कार्डावरचा ठळक आकडा फसवतो

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी मेमरी कार्ड घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचनाचा वेग असतो, तोही जास्तीत जास्त. चित्रण चालू असताना कॅमेऱ्याला हवा असतो तो लिहिण्याचा वेग, आणि तो शेवटपर्यंत टिकणारा.

एका लग्नात मंगलाष्टका चालू असताना माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूचना झळकली आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं. पुन्हा बटण दाबलं, थोडा वेळ चाललं, परत थांबलं. अंतरपाट दूर झाला, हार पडले. ते क्षण दुसऱ्या कॅमेऱ्याने लांबून टिपले तेवढेच हाती लागले. कार्ड नवं कोरं होतं, दुकानदाराने ‘फोर-केला बिनधास्त चालेल’ म्हणून दिलेलं. त्यावर १२० एमबी ठळक होतं. खाली बारीक ‘यू’ अक्षरात १ होता. फोर-के सेटिंग १०० मेगाबिटचं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. यू-१ची हमी मात्र १० एमबीचीच.

म्हणून बारीक अक्षरं आधी वाचा. यू-३ किंवा व्ही-३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी. १०० मेगाबिटला तेवढं पुरतं. ४०० मेगाबिटवर चित्रण करणार असाल तर ५० एमबी लागतात, तिथे व्ही-६० घ्या. कुठल्या सेटिंगला कोणतं कार्ड, हे कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

१०० मेगाबिटवर ६४ जीबीचं कार्ड साधारण ८५ मिनिटांत भरतं, त्या हिशोबाने जादा कार्डं जवळ ठेवा. जुना डेटा दोन ठिकाणी उतरवल्यावर कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा.

बनावट कार्डांचाही सुळसुळाट आहे. त्यांवर लिहिलेली जागा आत नसतेच; कार्ड भरत आलं की चित्रण खराब होतं. तेव्हा नवं कार्ड घरीच सर्वांत जड सेटिंगवर काठोकाठ भरा, सगळ्या फाइल्स उतरवून शेवटपर्यंत चालवून पाहा. या परीक्षेत उतरलेलं कार्डच कामावर न्या. लग्नातले विधी आपल्यासाठी दुसऱ्यांदा होत नाहीत.