काळ्या मातीत गादीवाफे

प्रश्न : नेवासे तालुक्यात नवं घर बांधलं. अंगणातली काळी माती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते. भाजीपाल्यासाठी वाफे कसे करावेत?

उत्तर : आधी बांधकामाचा राडारोडा वेचून काढा, हे टाळू नका. आपली माती मुळातच चुनखडीची. त्यात सिमेंट-चुना मिसळला की सामू आणखी वाढतो आणि झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. कालव्याच्या पट्ट्यात माती चोपणही (सोडियम जास्त असलेली) असू शकते. म्हणून अर्धा किलो नमुना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तपासून घ्या. चोपण मातीवरचा उपाय म्हणून जिप्सम अहवाल पाहूनच टाकावं.

खोदकाम वाफशावरच करा. मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटाने सहज फुटला, तर वाफसा आहे. ओल्या मातीत कुदळ घातली की ढेकळं विटेसारखी वाळतात. गादीवाफा तीन फूट रुंद, नऊ इंच उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि वर उसाच्या पाचटाचं आच्छादन द्या. पाचट आपल्याकडे मुबलक असूनही जाळतात, याचं वाईट वाटतं. वाळूच्या नादी लागू नका, थोड्या वाळूने चिकणमाती सुधारत नाही. जूनमध्ये ताग पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडा, भाजी त्यानंतर लावा.