उणिवेचे सामर्थ्य

जॉर्ज ग्रॉसस्मिथ यांचा जन्म १८४७ साली लंडन येथे झाला. त्यांचे वडील न्यायालयाचे वार्ताहर होते आणि ठिकठिकाणी विनोदी व्याख्यानेही देत. पुत्रानेही हे दोन्ही व्यवसाय स्वीकारले. पियानोवर बसून गाणी आणि नकला सादर करणारा कलावंत म्हणून तो नावारूपाला आला.

१८७७ मध्ये लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांनी ‘द सॉर्सरर’ या विनोदी संगीतिकेत जॉर्ज यांना प्रमुख भूमिका देऊ केली. जॉर्ज संकोचले. रंगभूमीवर उतरल्यास धार्मिक संस्थांची आमंत्रणे बंद होतील, ही चिंता होती. शिवाय अशा भूमिकेस भारदस्त देहाचा व भरदार आवाजाचा नट हवा, असे त्यांना वाटे. नेमके तेच नको आहे, असे गिल्बर्ट यांनी सांगितले. अखेर जॉर्ज यांनी धाडस केले.

त्यांचा आवाज लहान होता. परंतु अतिशय वेगाने म्हणावयाच्या गीतांतील प्रत्येक शब्द ते स्पष्ट उच्चारीत. ‘पिनाफोर’ (१८७८) पासून ‘मिकाडो’ (१८८५) पर्यंतच्या त्यांच्या भूमिका गाजल्या. १८८९ मध्ये त्यांनी ही नाटकमंडळी सोडली आणि पुन्हा एकट्याचे कार्यक्रम सुरू केले. बंधू वीडन हेही नट होते. दोघांनी मिळून लिहिलेले ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ हे विनोदी पुस्तक १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉर्ज यांचे दोन्ही पुत्रही नट झाले. १९१२ मध्ये जॉर्ज यांचे निधन झाले.

ज्या उणिवेमुळे ते संकोचले होते, तिच्यासाठीच रंगभूमीवर एक नवी जागा निर्माण झाली होती.

विचार करा : जॉर्ज यांनी ती भूमिका नाकारली असती, तर त्यांनी काय गमावले असते?