राजकीय अनिश्चितता व चलनाची पत

आमच्या आईच्या ट्रंकेत कुवेती दिनारच्या दोन जुन्या नोटा आहेत. आमचे मामू कुवेतमध्ये नोकरीस होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा त्या देशात शिरल्या, आणि काही आठवड्यांनी मामू जॉर्डनमधील अम्मान शहरामार्गे विमानाने मुंबईस व तेथून बेळगावास परत आले. येताना त्यांच्या खिशात याच दोन नोटा उरल्या होत्या. आक्रमणापूर्वी एका दिनारला पन्नासाहून अधिक रुपये येत असत. मामूंनी त्या नोटा ओळखीच्या दोन-चार ठिकाणी दाखविल्या. पण त्या घेण्यास कोणी तयार होईना. अखेर आईने त्या रुमालात बांधून ट्रंकेत ठेवल्या. आम्ही त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो.

पुढे शिक्षक झाल्यावर वर्गात चलनाचा धडा आला की आम्ही त्या नोटा मुलांपुढे ठेवतो आणि विचारतो, "ही नोट खरी की खोटी?" मुले ती उजेडाकडे धरून पाहतात आणि सांगतात, "खरी आहे, सर." मग आम्ही विचारतो, "हिचे काय येईल?" त्यावर वर्ग गप्प होतो. नोट खरी, छपाई खरी, सहीही खरी. मग तिचे मोल गेले कोठे? स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एखादा अभ्यासपर लेख द्या असे सुचविले, तेव्हा हाच प्रश्न वाचकांपुढे मांडावा असे आम्ही ठरविले.

नोट म्हणजे काय?

आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. धारकास इतके रुपये अदा करण्याचे ते वचन होय. या पदावरील पहिले हिंदी गृहस्थ म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील चिंतामणराव देशमुख. १९४३ ते १९४९ या काळात ते गव्हर्नर होते. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबई व महाराष्ट्र यांच्या प्रश्नावर त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला, हे सीमाभागातील जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे.

वचनाची किंमत वचन देणाऱ्याच्या पतीवर अवलंबून असते. निपाणीच्या तंबाखू बाजारात ज्या व्यापाऱ्याची पत चांगली, त्याची चिठ्ठीही पैशासारखी चालते. ज्याच्या घरात वाटणीचे भांडण लागले, त्याला रोख मोजल्याखेरीज माल मिळत नाही. त्या व्यापाऱ्याचे भांडवल एका दिवसात कमी झालेले नसते. उद्या या पेढीचा मालक कोण, एवढेच लोकांना कळेनासे झालेले असते. राष्ट्राच्या चलनाचेही तसेच आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सरकार बदलणे निराळे आणि अनिश्चितता निराळी. ठरलेल्या दिवशी निवडणूक होऊन नवे मंत्रिमंडळ आले, तर व्यवहार फारसे अडत नाहीत. फाळणीच्या वेळीसुद्धा नव्या पाकिस्तानच्या चलनाची व्यवस्था काही काळ भारताच्या रिझर्व्ह बँकेनेच पाहिली. तेथील नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या चालविल्या, आणि १ जुलै १९४८ रोजी तेथील नव्या बँकेने तो कारभार हाती घेतला. एवढ्या उलथापालथीतही कोणती नोट कोठवर चालेल याचा नियम व मुदत लोकांस ठाऊक होती. मुदत ठाऊक नसली म्हणजे माणूस घाबरतो.

हानी कोणत्या वाटेने होते?

पहिली वाट सामान्य माणसाची. हातातील नोटेचा भरवसा वाटेनासा झाला की तो तिचे सोने, धान्य किंवा जमीन करू पाहतो. सगळेच तसे करू लागले की वस्तूंचे भाव चढतात, म्हणजेच नोटेचे मोल उतरते.

दुसरी वाट ठेवीदाराची व सावकाराची. तो मुदत कमी करतो, व्याज वाढवितो, किंवा ठेव काढून घेतो. परदेशातील ठेवीदार तर सर्वांआधी हे करतो.

तिसरी वाट व्यापाऱ्याची. बेळगावच्या एखाद्या फौंड्रीचा माल परदेशी जातो असे समजा. रुपया घसरणार अशी वदंता असेल, तर तिचा मालक आपले डॉलर बाहेरच ठेवून थोडे थांबतो. कारण उद्या त्याच डॉलरचे रुपये अधिक येतील. उलट यंत्रे मागविणारा आजच डॉलर विकत घेण्याची घाई करतो. एकाचे देणे लांबते, दुसऱ्याचे मागणे वाढते, आणि डॉलरची टंचाई निर्माण होते. म्हणजे जी घसरण केवळ तर्काने वर्तविली होती, ती त्या तर्कामुळेच खरी ठरते.

चौथी वाट खुद्द सरकारची. उद्याची शाश्वती नसलेले मंत्रिमंडळ अप्रिय पण आवश्यक निर्णय घेत नाही. कर वसूल करणे, खर्च कमी करणे, अंदाजपत्रक वेळेवर मंजूर करून घेणे ही कामे पुढे ढकलली जातात आणि कर्ज वाढत राहते.

आता आपल्या शेजारची उदाहरणे पाहू.

गोवा व हैदराबाद

खानापूर तालुक्यातील लोंढ्यावरून कॅसलरॉकमार्गे मुरगावास जाणारी रेल्वे आपल्या परिचयाची आहे. १९५५ मध्ये भारत व पोर्तुगीज गोवा यांच्या दरम्यानची ही वाहतूक बंद पडली. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांस घरी पैसे पाठविणे दुष्कर झाले. गोव्यात तेव्हा बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या नोटा चालत आणि तेथील नाण्यासही रुपयाच म्हणत. पोर्तुगालने १९५१ पासून गोव्यास आपला सागरपार प्रांत म्हणावयास आरंभ केला होता. १९५८ मध्ये त्याने रुपया रद्द करून एका रुपयास सहा एस्कुदो या दराने नवे चलन ठरविले. लोहखनिजाच्या निर्यातीमुळे गोव्याचा व्यापार त्या काळात तगून राहिला, हेही नमूद केले पाहिजे. तथापि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि एस्कुदोची जागा भारतीय रुपयाने घेतली. अवघ्या चार-पाच वर्षांत गोवेकरांस दोनदा चलन बदलावे लागले.

याहून बोलके उदाहरण दागिन्यांचे आहे. गोव्यातील कुटुंबांनी त्या बँकेत तारण ठेवलेले सोन्याचे दागिने मुक्तीपूर्वी लिस्बनला हलविण्यात आले होते. ते भारतात परत येण्यास १९९१ साल उजाडले. तारण ठेवताना जी सून होती ती तोवर आजी झाली असेल. कित्येक जणी तर हयातही नसतील.

आपल्या पूर्वेस हैदराबाद संस्थानचा हाली सिक्का होता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब असे. १९४७ च्या अखेरीस संस्थानचे भवितव्य अनिर्णित असताना तेथील सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातला. दोन्ही बाजूंचा विश्वास आधीच डळमळला होता. तो यायोगे आणखी कमी झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आले. त्याच दिवसांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील १० लाख ७ हजार ९४० पौंड हैदराबादच्या खात्यातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे गेले. हे आपल्या संमतीवाचून झाले असे निजामांनी कळविले आणि रक्कम गोठली. खरा मालक कोण, याचा निकाल लंडनच्या न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी भारत व निजामांचे वारस यांच्या बाजूने दिला. तोवर व्याजासह रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. परंतु एकाहत्तर वर्षांत तिचा उपयोग कोणास झाला नाही.

१९६६ व १९९१

ही संस्थानांची व परकी सत्तेची कथा झाली. स्वतंत्र भारताचा रुपयाही या नियमास अपवाद ठरला नाही. १९६२ चे चीनशी युद्ध, मे १९६४ मध्ये पंडित नेहरूंचे निधन, १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध, जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे लालबहादूर शास्त्रींचे निधन, आणि त्यातच दुष्काळ! परदेशी मदतही अडली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. हजार डॉलरचे यंत्र आदल्या दिवशी ४,७६० रुपयांस मिळत होते, त्यास दुसऱ्या दिवशी ७,५०० रुपये लागले.

आखाती देशांत ज्यांचे आप्त आहेत त्यांना यातील एक गोष्ट नवल वाटावी अशी आहे. एके काळी त्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालत असे, आणि १९५९ पासून भारताने तिकडच्यासाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार सुरू केला होताच. अवमूल्यनानंतर कतार व दुबई यांनीही रुपया सोडला, आणि ओमाननेही १९७० मध्ये तोच मार्ग धरला.

दुसरा कठीण प्रसंग १९९० - ९१ चा. कुवेतवरील आक्रमणामुळे खनिज तेल महागले. एक लाख सत्तर हजारांच्या वर भारतीय आपल्या मामूंप्रमाणे परतले, आणि त्यांनी घरी पाठवावयाचे पैसे थांबले. दिल्लीत नोव्हेंबर १९९० मध्ये एक सरकार पडले. नंतरच्या सरकारला पूर्ण अंदाजपत्रक मांडता आले नाही आणि मार्च १९९१ मध्ये त्यानेही राजीनामा दिला. निवडणूक चालू असताना २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली. परदेशस्थ भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊ लागले. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन देशाजवळ उरले. प्रथम स्टेट बँकेमार्फत वीस टन सोने परदेशी देण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपान यांच्या बँकांकडे तारण ठेवले. १ व ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे मोल कमी केले गेले. पंतप्रधान नरसिंह राव व अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या सरकारने २४ जुलैस अंदाजपत्रक मांडले. धोरणाची दिशा स्पष्ट झाली, आणि तारण ठेवलेले सोने त्याच वर्षी सोडविता आले.

याचा अर्थ सर्व दोष राजकारणाचा असे मात्र कोणी समजू नये. वर्षानुवर्षे मिळकतीपेक्षा खर्च अधिक होत आला होता, हे मूळ दुखणे. वाळलेल्या गवतावाचून वणवा पेटत नाही. पण वारा सुटला म्हणजे तो आवरत नाही. अनिश्चितता हा तो वारा होय.

आपला सीमाभाग व आपली संस्था

१ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव व निपाणी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. त्या प्रश्नावर मत देण्याचे हे स्थळ नव्हे. रुपया दोन्ही राज्यांत एकच असल्याने आपल्या चलनास त्यापासून बाधा नाही. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये तणावामुळे दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या, तेव्हा कोल्हापूरकडे रोज कामास जाणाऱ्या माणसाची मजुरी बुडाली. धनवान मनुष्य सोने घेऊन किंवा पैसा अन्यत्र ठेवून आपला बचाव करतो; निपाणीतील विडी वळणाऱ्या बाईची मजुरी मात्र ठरलेली असते आणि भाव वाढलेले असतात. अनिश्चिततेचा कर असा सर्वांत गरीब माणूस भरतो.

यावरून आपल्या संस्थेने तीन गोष्टी घ्याव्यात अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, निव्वळ अफवेवर ठेवी मोडू नयेत व सभासदांनीही घाबरून घरचा पैसा हलवू नये. दुसरी, शिष्यवृत्तीची रक्कम एकदा ठरवून कायमची ठेवू नये. वीस वर्षांपूर्वी ज्या रकमेत मुलीची वर्षाची पुस्तके येत, तीत आज वह्यासुद्धा पुऱ्या होत नाहीत. म्हणून दर तीन वर्षांनी ती भावांशी ताडून पाहावी. तिसरी व महत्त्वाची, विश्वस्तांची निवड ठरल्या वेळी व्हावी आणि हिशेब ठरल्या दिवशी सर्वांपुढे यावा. संस्था हे एक लहानसे राज्यच आहे. उद्या कारभार कोणाकडे व कोणत्या नियमाने जाणार हे सर्वांना ठाऊक असले, तर देणगी देणाऱ्याचा हात आखडत नाही.

इतक्या वर्षांत कित्येक गोरगरिबांनी विश्वासाने दिलेल्या रुपयांवर ही संस्था उभी राहिली. त्या विश्वासास ढळ पोहोचू न देणे हेच तिच्या पुढील वाटचालीचे खरे भांडवल होय. ती वाटचाल दीर्घ होवो, अशी आमची शुभेच्छा.