छोटी टाकी, मोठा फिल्टर

चि. सोनूस,


दोन फुटी टाकीला तू ताशी १२०० लिटरचा कॅनिस्टर फिल्टर लावलास आणि जो तो तुला तो परत करायला सांगतोय, असं ताई म्हणाली. परत करू नकोस. फिल्टर मोठा असण्यात काही वाईट नाही. त्याची धार तेवढी मवाळ करायला हवी.

६० × ३० × ३६ सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ पासष्टेक लिटर मावतं. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता उरतं पन्नासेक. फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक भरलं, पाणी स्टँडखालून वर चढवायचं झालं, की धार बरीच घटते. तरीही ती एकाच तोंडातून सुटली तर तुझी कोवळी रोपं उखडतील आणि लांब पंखांचा बेट्टा दिवसभर तिच्याशी झुंजून थकेल. आपल्या कोकणातल्या ओढ्यांमधली क्रिप्टोकोरीन पावसाळी लोंढा सोसते, पण तिची मुळं घट्ट रुजलेली असतात. तुझी रोपं तर आत्ताच चिमट्याने खोचलेली आहेत.

मागच्या काचेला आडवा, जवळजवळ टाकीच्या लांबीइतका स्प्रे बार लाव आणि भोकं काचेकडे वळव. पाणी काचेवर आपटून पसरतं, जोर तिथेच मोडतो. पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. खळखळाट झाला तर तू सोडतोस तो कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जाईल. एवढं करूनही जोर वाटला तर तोटी आवळ, पण पाणी टाकीत परत येतं त्या नळीवरची. ओढणाऱ्या नळीची तोटी कधीही आवळू नकोस, पंपाला पाणी पुरत नाही आणि तो हवा धरतो. ओढणाऱ्या तोंडाला स्पंज बसव, नाहीतर झिंग्यांची पिल्लं डब्यात जातील.

ताशी किती पट पाणी फिरावं यावर लोक हिरिरीने भांडतात. मी पानं बघते. चारही कोपऱ्यांत ती हलकी डुलत असली आणि कुठलंही रोप आडवं झालेलं नसलं, की प्रवाह बरोबर.

मला खरी काळजी वेगळीच आहे. डबा मोठा आहे म्हणून तू मासे वाढवशील. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यांना मिळणाऱ्या अमोनियाइतकेच वाढतात. जागा चौपट दिली म्हणून ते चौपट होत नाहीत. शिवाय शेवटी उरणारं नायट्रेट रोपं शोषतील तेवढंच कमी होतं, बाकीचं पाणी बदलूनच काढावं लागतं. डब्यात अडकलेला मळ डोळ्यांआड जातो, पण टाकीचं पाणी त्याच्यातूनच फिरत राहतं. मोठ्या डब्याची धार लवकर मंदावत नाही, म्हणून तो महिनोन् महिने उघडलाच जात नाही. तसं होऊ देऊ नकोस. आणि धुताना स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळ; नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं.

लाईट बराच वेळ गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो. ती आल्यावर लगेच फिल्टर चालू न करता आधी डब्यातलं पाणी ओतून टाक.

नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास मोजून कळव. १६/२२ असेल तर स्प्रे बार मी इथूनच घेऊन येते.

तुझी,
मावशी