एका बटणाचा कळफलक

मुलांनो, संगणकाचा कळफलक तुम्ही पाहिला असेलच. त्यावर शंभराच्या आसपास बटणे असतात. पण ज्याच्या हाताची बोटे चालत नाहीत, त्याने पडद्यावरचे पुस्तक कसे वाचावे? त्याच्यासाठी आपण एकाच मोठ्या बटणाचा बिनतारी कळफलक तयार करू शकतो.

त्यासाठी ईएसपी-३२ हा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, घ्या. २०१६ साली आलेल्या या चिपमध्ये ब्लूटूथची सोय आहे. बटणाची एक तार बोर्डावरील 'जीएनडी' या टोकाला आणि दुसरी ४ क्रमांकाच्या टोकाला जोडा.

आता एक गंमत पाहा. कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. इंग्रजी 'के'चा क्रमांक १४ आहे. संगणकात मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडली, तर १४ म्हणजे 'क'. उर्दूची उच्चारानुसार मांडणी निवडली, तर तोच १४ 'काफ' होतो. क्रमांक एक, लिप्या दोन!

पान पुढे नेणाऱ्या बटणाचा क्रमांक ७८ आहे. आपले बटण दाबताच आठ आकडे जावेत, असा प्रोग्राम लिहा. पहिला आकडा शिफ्टसारख्या बटणांसाठी असतो, दुसरा शून्य असतो आणि उरलेले सहा दाबलेल्या बटणांचे असतात. तिसऱ्या जागी ७८ लिहा, बाकी शून्ये. बटण सोडताच आठही शून्ये पाठवा. ती पाठवली नाहीत, तर बटण अजून दाबलेलेच आहे असे संगणक समजतो. मग पाने भराभर पळू लागतात.

बटण दाबताना त्याची आतली पत्री थरथरते. त्यामुळे ते अनेकदा दाबल्यासारखे वाटते. म्हणून सुमारे २० मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कळफलकाने पाठवलेले सर्व काही मालकानेच टाइप केले, असे संगणक मानतो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकाला हे यंत्र इजाजतीशिवाय, म्हणजेच परवानगीशिवाय, जोडू नका. विश्वास ही अमानत आहे.

शेवटी, बटण कोठे ठेवायचे हे वापरणाऱ्यालाच विचारा. कोणाला ते कोपराने दाबणे सोपे जाईल, कोणाला पायाने.

शब्दार्थ
कळफलक – कीबोर्ड; बिनतारी – वायरलेस; मांडणी – तरतीब; लिपी – रस्मुलखत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : कळफलक संगणकाला काय पाठवतो?
२. कारण लिहा : बटण सोडल्यावर शून्ये पाठवावी लागतात.
३. तुमच्या ओळखीच्या कोणाला असे बटण उपयोगी पडेल? कसे? पाच वाक्ये लिहा.