बोंबलाच्या फोटोचे दहा सेंट

पावसाळा सरला की वसईच्या पाचूबंदरला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळायला चढतात. जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले, मागून उगवतीचा उजेड. असा फोटो काढायला पहाटे पाचला उठावं लागतं. तो स्टॉक फोटोंच्या संकेतस्थळावर चढवला, विकला गेला आणि खात्यात 10 सेंट आले, म्हणजे साडेआठ रुपये. (या लेखात डॉलर 85 रुपयांचा धरला आहे.) अशा दोन विक्रींतही वडापाव धड येत नाही. वसई-विरारमध्ये कुणी विचारलं, "स्टॉक फोटोंचा धंदा सुरू करू का?", की मी आधी हे साडेआठ रुपये सांगतो आणि मग चहा मागवतो.

स्टॉक म्हणजे साठा. फोटो आधी काढून ठेवायचे. ज्याला जो लागेल त्याने तो वापरण्याचा परवाना विकत घ्यायचा. मालकी तुमचीच राहते. पूर्वी यात बरा पैसा होता. शटरस्टॉक या संकेतस्थळाने जून 2020 मध्ये दर बदलले. आता तिथे विक्रीच्या संख्येप्रमाणे 15 ते 40 टक्के वाटा मिळतो, एका फोटोला किमान 10 सेंट, आणि दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. डिसेंबरात चढलेला माणूस नव्या वर्षाला खाली! अडोबी स्टॉक फोटोला 33 टक्के देते आणि वर्गणीदाराने फोटो उतरवला तर सुरुवातीला किमान 33 सेंट. आयस्टॉकवर बिगर-एकमेव (म्हणजे फोटो इतरत्रही विकता येईल अशा) करारात फोटोचा वाटा 15 टक्के. ब्रिटनची अलामी वृत्तपत्रं आणि प्रकाशकांना जास्त विकते. तिथे वर्षाची विक्री 250 डॉलरच्या आत असेल तर 20 टक्के, वर गेली तर 40. शिवाय जानेवारी 2025 मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं. दुकानं कमी झाली की घासाघीस करायची जागाही कमी होते. दर बदलत राहतात, तेव्हा नाव नोंदवायच्या दिवशी करार स्वतः वाचा.

आता खर्च. नवा कॅमेरा घेऊ नका. शटरस्टॉक आणि अडोबी दोघांनाही किमान 4 मेगापिक्सेलचा फोटो चालतो. दहा वर्षं जुना डीएसएलआरही त्याच्या कितीतरी पुढे आहे. फोर्टच्या बोरा बाजारात हिंडून, शटर किती वेळा उडालंय ते विचारून, लेन्ससह जुना कॅमेरा 35 हजारांच्या आसपास जमवता येतो. ट्रायपॉड, कार्डं आणि बॅग यांना 5 हजार. 2 टीबीच्या दोन हार्डडिस्क, साधारण 14 हजार. दोन का? एक बिघडली तर दुसरी, हे झालंच. पण त्या एकाच घरात ठेवू नका. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी किती चढलं होतं ते तळमजल्यावरच्यांना विचारा. दुसरी डिस्क वरच्या मजल्यावरच्या मावशीकडे राहू द्या.

आणि एक खर्च पुण्याच्या फोटोग्राफरला सहसा लक्षातच येत नाही: बुरशी. खाडीची आणि समुद्राची खारी दमट हवा लेन्सच्या आत शिरते आणि काचेवर कोळिष्टकासारखे धागे पसरतात. माझी एक चांगली लेन्स अशी गेली. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी ती तशीच परत आणली, आता पेपरवेट आहे. विजेवर चालणारी कोरडी कपाटं महाग पडतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, सगळं मिळून हजाराच्या आत-बाहेर. पुड्यांनी रंग बदलला की त्या गरम करून वाळवायच्या आणि पुन्हा वापरायच्या. कॅमेऱ्याआधी हा डबा घ्या.

हे झाले 55 हजार. चार वर्षांवर पसरले तर वर्षाला पावणेचौदा हजार. वर प्रवास, इंटरनेट, सॉफ्टवेअर, फोटोत उभं राहणाऱ्यांचं मानधन असे महिन्याला 2 हजार धरा. (डार्कटेबल आणि गिंप फुकट आहेत, शिकायला आठवडा लागतो, पण दरमहा भाडं वाचतं.) वर्षाचा खर्च जवळपास 38 हजार. तो नुसता भरून काढायला 33 सेंटवाल्या सुमारे साडेतेराशे विक्री हव्यात. 10 सेंटवाल्या असतील तर चार हजार चारशेच्या वर. यात तुमच्या पहाटेचा पैसा धरलेला नाही.

मग काय काढायचं? सूर्यास्त नको, हात मिळवणारे कोटवाले नकोत, लॅपटॉपवरचा कॉफीचा कप तर नकोच. ते काम आता यंत्र करतं. अडोबी स्टॉक कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रंही घेते, तसा शिक्का लावून. गेटीने सप्टेंबर 2022 मध्येच ती घेणं बंद केलं. अनस्प्लॅश आणि पेक्सेल्सवर तर चांगले फोटो फुकट मिळतात. राहतं ते एकच: अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमुक माणसं अमुक काम करत होती, याची खात्री. आगाशीची सुकेळी उन्हात कशी वाळतात, दादरच्या बाजारासाठी सोनचाफा पहाटे कसा खुडतात, सामवेदी ख्रिस्ती आजीच्या लाल लुगड्याची बांधणी कशी असते, नायगावच्या मिठागरात मीठ कसं ओढतात, हे यंत्राला नेमकं सांगता येत नाही. प्रकाशकाला मात्र नेमकंच हवं असतं.

म्हणून फोटोइतकाच वेळ त्याच्याखालच्या ओळीला द्या. 'सुंदर मासे' असं लिहिलेला फोटो कुणाला सापडत नाही. गाव, जिल्हा, तारीख, माशाचं स्थानिक नाव आणि इंग्रजी नाव, काम कोणतं, हंगाम कोणता, हे सगळं हवं. 'सोपारा स्तूप' लिहिताना 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं, हेही लिहा. शोधणारा अभ्यासक असू शकतो. आणि सणाचे फोटो सणाच्या आधी चढवा. आकाशकंदील ऑगस्टमध्ये, वसईचा नाताळ सप्टेंबरमध्ये. म्हणजे यंदाच्या नाताळात काढलेले फोटो पुढच्या वर्षी विकायचे.

संकेतस्थळांच्या भरवशावर मात्र बसू नका. थेट विकलेला एक फोटो 2,500 रुपयांना गेला तरी 33 सेंटवाल्या नव्वदेक विक्रींची भरपाई होते. अर्नाळा, राजोडी, कळंबची रिसॉर्टं, दिवाळी अंक, पतपेढ्यांची कॅलेंडरं, शाळांच्या स्मरणिका, हे आपलं गिऱ्हाईक. मी एका वर्षाच्या एका वापराला पंधराशे ते तीन हजार सांगतो, आणि परवान्याच्या चिठ्ठीत वापर, मुदत, प्रती आणि फोटोग्राफरचं नाव छापण्याची अट लिहितो.

इथे एक फसगत सांभाळा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक ते गिऱ्हाईक. म्हणजे रिसॉर्टवाल्याने "या, आमचे फोटो काढा" म्हटलं आणि तुम्ही काही लिहून न घेता गेलात, तर ते फोटो पुन्हा विकता येणार नाहीत. आधीच काढून ठेवलेला फोटो दिलात तर मालक तुम्ही. एक ओळ लिहून घ्यायला काही खर्च येत नाही.

वसईच्या किल्ल्यात साधा फोटो काढायला अडचण नाही, पण किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. रेल्वेच्या हद्दीत धंद्यासाठी फोटो काढायलाही पश्चिम रेल्वेची परवानगी लागते.

कागदपत्रांत खर्च थोडा, वेळ बराच. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्याचे हजार रुपये मागणाऱ्याला नमस्कार करा. एकट्याने काम करत असाल तर दुकाने-आस्थापना कायद्यात नुसती सूचना द्यायची असते. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा साधारण वर्षाला 20 लाख. तिथपर्यंत पोचलात तर मलाही कळवा. अमेरिकी संकेतस्थळावर डब्ल्यू-8बेन हा फॉर्म पॅन क्रमांकासह नक्की भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीवर 30 ऐवजी 15 टक्के कर कापतात आणि कापलेला कर इथल्या विवरणपत्रात दाखवता येतो. पैसे हातात यायलाही उंबरठे आहेत: अडोबीला 25 डॉलर, अलामीला 50, आयस्टॉकला 100. पाच दुकानांत थोडे थोडे फोटो ठेवले तर कुठलाच उंबरठा लवकर ओलांडला जात नाही. मी दोनच ठेवतो. शटरस्टॉकवर तुमचे फोटो यंत्रांना शिकवायला विकू द्यायचे की नाही, याची खूण खात्याच्या सेटिंगमध्ये असते; ती शोधून ठरवा.

शेवटी माणसं. बातमी किंवा पुस्तकासाठी चेहरा चालतो. जाहिरातीसाठी विकायचा तर त्या व्यक्तीचं सहीचं संमतिपत्र हवंच. पत्रक इंग्रजीत असतं. ते मराठीत वाचून दाखवा, "हा फोटो उद्या तेलाच्या डब्यावरही येऊ शकतो, चालेल का ताई?" असं सरळ विचारा. बोंबील वाळवणाऱ्या ताईंनी नाही म्हटलं तर फोटो बातमीच्या खात्यात टाका. हो म्हटलं तर सही, साक्षीदार आणि मानधन. आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यात फोटोची मोठी प्रिंट नेऊन द्या. तिचे पैसेही खर्चाच्या वहीत लिहा.