पुन्हा पुन्हा दाराशी येणारा रुग्ण

अभ्यासासाठी वाचन : योहान 5:1-9



यरुशलेमेतील बेथेस्दा तळ्याच्या पडवीत अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. बरे होण्याची इच्छा आहे का, असे प्रभूने त्याला विचारले, तेव्हा त्याने आपल्या रोगाचे वर्णन केले नाही. आपल्याला पाण्यात उतरवणारे कोणी नाही, एवढेच त्याने सांगितले. उपाय डोळ्यांसमोर होता. तेथवर नेणारा माणूस नव्हता. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, ज्याला आपण सर्वजण कॅज्युअल्टी म्हणतो तेथे, वारंवार येणाऱ्या रुग्णाचा विचार करताना हे उत्तर ध्यानात ठेवावे.

1. हा रुग्ण कोण?

काही रुग्ण वर्षातून पाच, दहा किंवा त्याहूनही अधिक वेळा या विभागात येतात. डॉक्टरांना व परिचारिकांना त्यांचे चेहरे पाठ होतात आणि ‘आला पुन्हा!’ असा सुस्कारा नकळत बाहेर पडतो. हा मनुष्य सोंग करतो, असे म्हणणे सोपे आहे. परंतु पुष्कळदा त्याचा दमा, मधुमेह किंवा हृदयविकार खरा असतो, आणि त्याच्या जोडीला दारिद्र्य, व्यसन, मनोविकार किंवा एकाकीपणा असतो.

समजा, एका वृद्ध मधुमेही बाईंची साखर दर पंधरवड्यास भयंकर वाढते. दर वेळी त्यांना सलाईन लावून, इन्सुलिन देऊन घरी पाठवले जाते. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत फ्रीज नाही व उन्हाळ्याच्या उष्णतेने इन्सुलिन निकामी होते, हे कोणी विचारलेच नाही. सुईवरील बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत, हेही कोणास ठाऊक नाही. केसपेपरवर मात्र ‘औषधे नीट घेत नाही’ असा शेरा पडतो. येथे दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

2. या सेवेचा उगम

हा प्रश्न जुनाच आहे. 1895 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्ट्युअर्ट या बाईंची नेमणूक झाली. मोफत उपचारास कोण पात्र आहे, हे पाहणे त्यांचे काम होते. 1905 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी एक पाऊल पुढे टाकले. रुग्णाचे घर, काम व चिंता ठाऊक नसतील तर औषधाची चिठ्ठी व्यर्थ ठरते, हे त्यांनी ओळखले आणि गार्नेट पेल्टन या परिचारिकेस समाजकार्यासाठी नेमले. पुढे आयडा कॅनन यांनी हे कार्य दीर्घकाळ सांभाळून वाढविले.

आपल्या देशातील आरंभाचा संबंध मराठी मिशनशी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीसेवेचे केंद्र चालविले. 1936 साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. आज महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत हे काम करणाऱ्यास ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात.

3. समाजसेवक काय करतो?

प्रथम तो बसतो आणि ऐकतो. घरी कोण आहे, रात्री कोणाची सोबत असते, औषधाला पैसे कोठून येतात, हे तो विचारतो. मग त्या बाईंचे इन्सुलिन ओल्या मडक्यात गार कसे ठेवावे, हे शिकविले जाते. सुई भरून देण्यास शेजारीण तयार होते. निराधार योजनेचा अर्ज भरला जातो. नियमित तपासणीचा वार ठरतो. चारही कामे लहान आहेत; पण प्रत्येकामागे कोणीतरी लागावे लागते.

4. फळ व मर्यादा

सॅन फ्रान्सिस्को येथे वर्षातून पाच किंवा अधिक वेळा येणाऱ्या 252 रुग्णांचा दोन वर्षे अभ्यास झाला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या पाठीशी समाजसेवक होता त्यांच्या आपत्कालीन विभागातील फेऱ्या घटल्या. बेघरपणा व मद्यपानही कमी झाले.

याउलट न्यू जर्सीतील कॅमडेन शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी उभारलेल्या प्रसिद्ध उपक्रमाची 800 रुग्णांवर कसोटी झाली. या रुग्णांना आधी वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. 2020 साली निकाल आला : 180 दिवसांत पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण मदत मिळालेल्यांत 62.3 टक्के, तर न मिळालेल्यांत 61.7 टक्के होते. म्हणजे फरक पडला नाही. अत्यंत वाईट काळानंतर पुष्कळांच्या फेऱ्या आपोआपच कमी होतात. तुलना केली नसती, तर ते सारे श्रेय उपक्रमास मिळाले असते.

ह्यावरून निराश व्हावे काय? नाही. मात्र नम्र व्हावे. सोबती मिळाला म्हणून घर मिळत नाही, आणि व्यसनमुक्तीची जागा रिकामी नसेल तर तेथवर नेणाऱ्याचाही हात रिता राहतो. शिवाय फेऱ्या घटणे हीच एकमेव कसोटी मानली, तर रुग्णास दारातून परतविणे हाही उपाय वाटू लागेल! तसे होता कामा नये.

5. आपण काय करावे?

आपल्या मंडळीतही असे कोणी असेल. त्याच्यासाठी आपण फळे घेऊन रुग्णालयात जातो, हे चांगलेच आहे. परंतु तो घरी परतल्यावरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या दारी कोण जातो? औषधे मिळाली का, चूल पेटली का, पुढच्या तपासणीस सोबत कोण जाणार, एवढे विचारण्यास पदवी लागत नाही. निदान व औषध डॉक्टरांवर सोपवावे, कठीण प्रसंगी समाजसेवा अधीक्षकांची भेट घ्यावी, आणि श्वास कोंडला किंवा छातीत कळ आली तर ‘हा नेहमीचाच’ असे न म्हणता त्यास तत्काळ कॅज्युअल्टीत न्यावे.

आपले कोणी नाही, असे त्या पडवीतील मनुष्याने सांगितले होते. हे उत्तर आपल्या शेजारच्या खोलीतून ऐकू आले, तर ते आपणास उद्देशूनच आहे.

विचारासाठी प्रश्न

1. वारंवार आजारी पडणाऱ्या कोणाला आपण मनातल्या मनात दोषी ठरविले आहे काय?
2. आपल्या जवळच्या रुग्णालयात समाजसेवा विभाग कोठे आहे, हे आपणास ठाऊक आहे काय?
3. रुग्णालयातून परतलेल्या एका व्यक्तीसाठी या आठवड्यात आपण कोणते एक काम पत्कराल?